प्रांताकडे निर्वाहाचा अर्ज कसा करावा

नोकरीची शेवटची वर्षं मी प्रांत कार्यालयात अव्वल कारकून होते. म्हाताऱ्या माणसांचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. आता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी तेच अर्ज लिहून देते. मुलं बघत नाहीत आणि वकील परवडत नाही, म्हणून कितीतरी जण गप्प बसतात. त्यांनी गप्प बसू नये. हा कायदा वकिलाशिवाय चालावा असाच केलेला आहे.

कायद्याचं नाव आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागत नसेल तर आई-वडिलांना त्यात मुलांकडून निर्वाह, म्हणजे दरमहा खर्चाचे पैसे, मिळावा म्हणून अर्ज करता येतो, आणि त्यांचं वय साठच्या आत असलं तरी चालतं. मूलबाळ नसलेल्या साठीपुढच्या माणसाला ज्या नातेवाइकाकडे त्याची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्याकडे मागता येतं. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं सगळ्यांवर जबाबदारी आहे. "मुलगी परक्या घरची, तिचं नाव नको" असं बऱ्याच आया म्हणतात. तो निर्णय त्यांचा. पण मुलगा तिला या प्रकरणात ओढू शकतो, हे आधीच माहीत असू द्या.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, करायचा. मुलगा पुण्यात आणि तुम्ही गावी असाल तर पुण्याला जायची गरज नाही, तुम्ही राहता तिथल्या प्रांतांकडे अर्ज चालतो.

आता अर्जात काय लिहायचं. इथेच बहुतेक अर्ज कच्चे राहतात. चार पानं दुःख लिहिलेलं असतं आणि मागणी कुठेच नसते. "मुलगा लक्ष देत नाही" ही तक्रार झाली, मागणी नव्हे. महिन्याचा खर्च आकड्यांत मांडा. समजा, औषधं १,८००, किराणा ३,५००, गॅस आणि वीज ९००, कामवाली १,५००, म्हणजे ७,७०० रुपये. खाली स्पष्ट लिहा की दरमहा इतकी रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करण्याचा आदेश व्हावा. कायद्यात महिना १०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. त्याच अर्जात अंतरिम निर्वाहही मागा, म्हणजे निकाल लागेपर्यंत औषधं अडणार नाहीत.

मुलांचे पत्ते मात्र जपून लिहा. घरचा, नोकरीच्या ठिकाणचा, मोबाइल नंबर, सगळं द्या. प्रकरण ९० दिवसांत निकाली काढायचं असतं आणि फार तर ३० दिवस वाढवता येतात, पण हे दिवस मोजले जातात ते मुलाला नोटीस बजावल्यापासून. पत्ता अर्धवट असेल तर नोटीस परत येते आणि मुदत सुरूच होत नाही.

सोबत आधार कार्ड, पासबुक, औषधांची बिलं, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाच्या प्रती जोडा. अर्ज आवक टेबलावर द्या आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "नंतर या" म्हणाले तरी शांतपणे उभं राहा. पोहोच देणं हे त्या टेबलाचं कामच आहे.

सुनावणीत बोलायची भीती वाटते? कलम १८ मुद्दाम वाचा. तुमची इच्छा असेल तर निर्वाह अधिकारी, म्हणजे जिल्हा समाज कल्याण अधिकारी किंवा त्या दर्जाचा नेमलेला अधिकारी, तुमची बाजू मांडतो. हे सरकारनं तुम्हाला दिलेलं माणूस आहे, फी लागत नाही. पण हे आपणहून सहसा कुणी सांगत नाही. म्हणून अर्जातच एक ओळ टाका, "माझी बाजू निर्वाह अधिकाऱ्यांनी मांडावी अशी विनंती आहे." कलम १७ मध्ये वकिलांना मनाई आहे. तरी केरळ उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये वकिलांच्या बाजूनं निकाल दिला आहे. तेव्हा समोरून कुणी वकील घेऊन आलं तर घाबरू नका, निर्वाह अधिकाऱ्यांचा आग्रह धरा.

घर मुलाच्या नावावर करून दिलं असेल तर कलम २३ बघा. सांभाळण्याच्या अटीवर दिलं आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. सगळं अडतं ते या अटीपाशी. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अट सिद्ध झाली नाही म्हणून एका आईच्या विरोधात निकाल दिला. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूनं निकाल लागला, कारण मुलानं सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलं होतं. म्हणून ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांना मी हात जोडून सांगते, "आमरण सांभाळ करीन" हे वाक्य बक्षीसपत्रातच लिहून घ्या. मुलावर कितीही विश्वास असला तरी.

आदेश झाल्यावर पासबुक दरमहा भरून घ्या. पैसे थकले तर ज्या तारखेला ते यायला हवे होते तिथून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्या, उशीर करू नका. आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत अपील करता येतं, ते जिल्हाधिकारी पातळीवर चालतं.

अंथरुणावर असलेल्या माणसाच्या वतीनं त्यानं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. अधिकारपत्रावर त्याची सही किंवा अंगठा घ्या. शेजारच्या आजी-आजोबांसाठी हे तुम्हीही करू शकता. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, फोनला पैसे पडत नाहीत.