रविवारी रात्री नऊ वाजता यमू

कराडात माझं औषधांचं दुकान आहे. रोज रात्री दहापर्यंत गल्ल्यावर, रविवारी मात्र दुपारी शटर खाली. म्हणून आमच्या ऑनलाइन वाचनगटाचा वार रविवार. वेळ रात्री नऊची, कारण तेव्हा न्यू जर्सीतल्या माझ्या मेव्हणीकडे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात आणि इचलकरंजीच्या काकूंची मालिका संपलेली असते. अकरा जण आहोत. असा गट काढायचा असेल तर आमच्या चुका आधी ऐका.

पहिलं पुस्तक मतदानाने ठरवू नका. आम्ही मतदान घेतलं, मग फेरमतदान, त्यात महिना गेला. शेवटी एकाने हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी सुचवली आणि बाकीचे दमले होते म्हणून ‘हो’ म्हणाले. एकाने ठरवावं, पुढच्या वेळी दुसऱ्याने.

दुसरी चूक मोठी. एवढी जाडजूड कादंबरी आणि आम्ही म्हटलं, महिन्यात वाचून या. चौघं वाचून आले, तिघं शंभराव्या पानाच्या आसपास अडकले, बाकीच्यांनी कुठूनतरी सारांश वाचला. वीस मिनिटं ‘तेव्हाची स्त्रियांची स्थिती’ या विषयावर भाषणं झाली. मला जांभई आली, आणि बैठक माझीच होती!

मग डोक्यात प्रकाश पडला. ही कादंबरी मुळात हप्त्यांनीच आली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं, त्यात ती क्रमशः छापून येत होती. वाचकाने पुढच्या अंकाची वाट बघायची, असाच तिचा बेत. मग आपण एका दमात का गिळायची? दर रविवारी तीन प्रकरणं ठरवली आणि पुढचं वाचायला बंदी घातली. (मेव्हणीने बंदी मोडली. कबूल करत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं.) यमूचे, म्हणजे कादंबरीच्या नायिकेचे, मुंबईतले सुखाचे दिवस आले तेव्हा एक जण म्हणाला, “हे फार गोड चाललंय, मला भीती वाटायला लागलीय.” हे वाक्य सारांश वाचून आलेल्या माणसाच्या तोंडून येत नाही.

प्रतींचं म्हणाल तर आपटे १९१९ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे जुन्या प्रतीची स्कॅन केलेली फाइल गटात टाकायला हरकत नाही. फक्त पान नंबर सांगत बसू नका, प्रत्येकाची आवृत्ती वेगळी असते. प्रकरण सांगा आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द सांगा. शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश नेटवर आहे. तो जुना आहे म्हणूनच इथे कामाचा.

आता बैठक. सुरुवातीला कुणीही मत द्यायचं नाही. एकाने एक पान मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून ऐकायचं. मग मी प्रश्न विचारतो, पण ‘आवडलं का’ असा कधीच नाही. त्याचं उत्तर ‘हो, छान आहे’ एवढंच येतं आणि गाडी तिथेच बंद पडते. मी विचारतो, या पानावर घरातला निर्णय कोण घेतंय आणि बोलतंय कोण? यमूच्या सासरचे शंकरमामंजी असलेल्या कुठल्याही पानावर हा प्रश्न टाकून बघा, अर्धा तास कसा जातो कळत नाही.

विधवा झालेल्या यमूच्या केशवपनाचा भाग आला त्या रविवारी बोलताना ‘आलवण’ हा शब्द निघाला. पुण्याच्या इंजिनियर मुलीने विचारलं, “आलवण म्हणजे?” मी कोश उघडतोय तेवढ्यात काकू बोलायला लागल्या. “आमच्या आजीची आत्या माजघरात बसायची. तांबडं लुगडं, पदर कपाळावर ओढलेला. न्हावी मागच्या दाराने यायचा. तो आला की आम्हा पोरांना अंगणात पिटाळायचे. आम्हाला वाटायचं, खेळायला सोडलं.” मग कुणीच बोललं नाही. मी पुढचा प्रश्न रेटणार होतो, नशीब माझा माइक बंद होता. मिनिटभराने ती मुलगीच म्हणाली, “काकू, त्यांचं नाव काय होतं?” काकूंना आठवेना. सगळे ‘आत्या’च म्हणायचे. अशी शांतता पडली तर पडू द्या.

एका वाक्यावर मात्र मी बंदी घातली आहे: ‘तो काळच तसा होता.’ ही कादंबरी छापून येत असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचं संमतिवय, म्हणजे ज्याआधी नवऱ्यानेही शरीरसंबंध ठेवणं गुन्हा ठरतं ते वय, १० वरून १२ झालं. त्यावरून पुण्यात रणकंदन माजलं. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. म्हणजे एकाच गावात, एकाच वर्षी, दोन्ही बाजूंची माणसं होती. मग ‘काळ’ कुणाचा धरायचा?

तांत्रिक गोष्टी थोड्याच. फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटांनी बैठक तुटते. आम्ही पुन्हा जोडत नाही. त्या धाकाने लोक मुद्द्याचं बोलतात. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात हे लक्षात ठेवा. मेव्हणी त्या रविवारी ठरल्याप्रमाणे साडेअकराला आली, तेव्हा इकडे दहा वाजले होते आणि मी जेवत होतो. व्हॉट्सअ‍ॅप गटावर सुप्रभात टाकणाऱ्याने पुढच्या बैठकीत पान वाचायचं, हा दंड. सुप्रभात बंद झालं.

पुढचं पुस्तक इंजिनियर मुलीने निवडलंय: विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, १९३९ चं. लहानसं आहे, चार रविवारांत होईल. पण बेडेकर १९९८ साली गेले, म्हणजे हक्क अजून शिल्लक आहेत आणि फाइल फिरवणं बसत नाही. इकडच्या दहा प्रती माझ्या दुकानात येतील. मेव्हणीची प्रत डिसेंबरात जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून पाठवायची आहे. तोवर तिला पुढचं वाचता येणार नाही, हे एक बरं.