मीठ घातलं की नाही? अप्रोचमधल्या या चुका टाळा

पार्ल्यातल्या आमच्या वैमानिकांच्या क्लासमध्ये भिंतीवर एअरबसच्या कॉकपिटचा मोठा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. त्याच्यासमोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. मुलं त्यात बसून अख्खा अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याचा टप्पा, तोंडाने उडवतात. गेल्या पावसाळ्यात एकजण लँडिंग चेकलिस्ट म्हणत होता आणि त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने फोन काढला नाही, नुसता हात खिशाकडे गेला. लगेच पुढे सुरू, "गिअर डाऊन, थ्री ग्रीन," म्हणजे चाकं खाली, तिन्ही हिरवे दिवे लागलेले. बोट मात्र अजून फ्लॅपच्या लिव्हरवरच.

"दिवे बघितलेस का रे?"

"सर, म्हटलं ना मी."

म्हटलं होतं खरं. बघितलं नव्हतं.

पुठ्ठ्याच्या कॉकपिटमध्ये हे हसण्यावारी नेता येतं. पण २०१० साली सिंगापूरला उतरणाऱ्या जेटस्टारच्या एअरबस ए३२१ मध्ये कॅप्टनचा फोन चालूच राहिला होता. विमान खाली येऊ लागलं तसे मेसेज वाजायला लागले. तो फोन बंद करायच्या खटपटीत असताना को-पायलटचं बोलणं त्याच्या कानावरून गेलं. चाकं वेळेवर खाली आली नाहीत आणि शेवटी गो-अराउंड करावा लागला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर न्यावं लागलं. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून मी हे उदाहरण आधी सांगतो. मुलं मेलेल्यांचे आकडे ऐकून गंभीर होतात आणि विसरतात. या गोष्टीत मात्र त्यांना स्वतःचा फोन दिसतो.

जिथे तुटलं तिथूनच पुढे जोडणं

माझ्या मते सगळ्यात महागाची चूक ही. व्यत्यय येणारच, मुंबईच्या रेडिओवर तर क्षणाची उसंत नसते. घोळ होतो तो परत सुरुवात करताना. आमटीत मीठ घालायला डबा उघडला आणि दारावर कुरिअरवाला आला. परत आल्यावर मीठ घातलं होतं की घालायचं होतं? हात डब्यापर्यंत गेला होता एवढं आठवतं, आणि मन तेवढ्यावरच 'घातलं' अशी नोंद करून टाकतं. घरी चमचाभर चाखून बघता येतं. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या उतारावर, मात्र १४० नॉट्सच्या आसपास वेग असेल तर हजार फुटांपासून चाकं टेकेपर्यंत जेमतेम दीड मिनिट मिळतं. पूर्वेकडून येताना घाटकोपरच्या गच्च्या खाली दिसायला लागल्या की तेवढंही उरलेलं नसतं.

१९८९ मध्ये इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७ पडलं, ४७ माणसं गेली. बिघाड डाव्या इंजिनात होता आणि वैमानिकांनी उजवं, धडधाकट इंजिन बंद केलं होतं. त्यातली मला खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. खाली येताना कॅप्टनने झाल्या प्रकाराची उजळणी सुरू केली होती. मधेच रेडिओवर बोलावं लागलं आणि ती उजळणी तिथेच राहिली. चूक सापडण्याची संधी आली होती, पण तो धागा पुन्हा कुणी उचलला नाही.

म्हणून व्यत्यय आला की मोठ्याने म्हणा, "चेकलिस्ट होल्ड." अंगठा त्या ओळीवर ठेवा. मोकळे झालात की पहिल्या ओळीपासून वाचा. 'इथपर्यंत झालं होतं बहुतेक' यातला 'बहुतेक' घात करतो. पहिल्यापासून वाचायला वेळ नसेल, तर उतरायलाही वेळ नाही असं समजा आणि गो-अराउंड करा.

सगळ्यांनी एकाच दिव्याकडे बघणं

डिसेंबर १९७२, मायामी. ईस्टर्न एअर लाइन्सच्या फ्लाइट ४०१ च्या पुढच्या चाकाचा दिवा लागेना. अख्खं कॉकपिट त्या बल्बच्या मागे लागलं. ऑटोपायलटने धरलेली उंची सुटली, विमान हळूहळू दलदलीत उतरलं आणि १०१ जण दगावले. बल्ब जळाला होता, एवढंच. बिघाड शोधायच्या आधी विमान कोण उडवतंय ते तोंडाने ठरवा. ज्याच्याकडे कंट्रोल, त्याने त्या दिव्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

धावपट्टी दिसली की हुश्श करणं

याचं उदाहरण आपल्या दारातच आहे. १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे निघून गेलं. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीच्या कॉमेट विमानानेही जुहूलाच हीच चूक केली होती. डोळ्याला धावपट्टी हवी असते आणि समोर एक दिसते. बाहेर कितीही स्वच्छ असलं तरी आयएलएस, म्हणजे धावपट्टीची दिशा आणि उतार दाखवणारी रेडिओ यंत्रणा, लावलेली ठेवा आणि समोर दिसतंय ते तिच्याशी ताडून बघा.

'सर, जरा...'

दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही हा नियम सगळ्यांना पाठ असतो. अमेरिकेत तो १९८१ मध्ये आला. त्याचा उलटा अर्थ लावणारेही भेटतात. केबिनमध्ये धूर दिसतोय, पण 'आता पुढे कॉकपिटला फोन करू नये' म्हणून गप्प बसणारे. नियम गप्पांसाठी आहे, धोक्यासाठी नाही.

आपल्याकडे मोठ्यांना थेट नाही म्हणायची सवय नसते. "सर, थोडं हाय वाटतंय का?" हा प्रश्न झाला, कॉल, म्हणजे ठाम सूचना, नव्हे. मंगळुरूला २०१० मध्ये को-पायलटने गो-अराउंड करायला सांगितलं होतं, एकदा नव्हे. कॅप्टनने अप्रोच चालूच ठेवला. १६६ पैकी १५८ जण गेले. त्यामुळे खुर्च्यांवरच्या सरावात मी कॅप्टन झालो की मुद्दाम ऐकत नाही. मुलांनी दुसऱ्यांदा तेच वाक्य नुसतं मोठ्याने म्हणायचं नसतं, "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं असतं, म्हणजे विमान आता माझ्या हातात. निम्म्यांचा आवाज तिथे घशातच अडकतो.

परवा तोच फोनवाला मुलगा पुन्हा पुठ्ठ्यासमोर बसला. चेकलिस्ट अर्ध्यावर आली तेव्हा मी विचारलं, चहा घेणार का? अंगठा बरोबर ओळीवर होता. "हो सर, अर्धाच," म्हणाला आणि पुढची ओळ वाचायला लागला.

पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं.