दोमेनिकिनोची ‘डायनाची शिकार’ बघायची कशी

रोमच्या गॅलेरिआ बोर्गेझे या कलासंग्रहालयात गेलेली मंडळी शिल्पकार बर्निनीच्या पुतळ्यांपाशीच अडकतात, आणि त्यात चुकीचं काही नाही म्हणा, पण तिकिटावर मिळतात दोनच तास, मग वरच्या मजल्यावरची चित्रं धावतपळत उरकावी लागतात. म्हणून तिकीट आधीच ऑनलाइन बुक करा (आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका), बॅग खाली जमा करा आणि जमलं तर आधी वर जा.

वर जायचं ते ‘डायनाची शिकार’साठी. इटालियन चित्रकार दोमेनिकिनोचं हे चित्र १६१६-१७ चं. रुंदी ३ मीटरपेक्षा जास्त, त्यामुळे पहिल्यांदा चार-पाच पावलं मागेच उभं राहायचं. मधोमध हात उंचावून उभी आहे ती डायना, रोमन लोकांची शिकारीची देवी, एका हातात धनुष्य आणि दुसऱ्या हातात भाता. नजर आधी तिच्यावरच जाते, जाऊ दे, पण तिथेच थांबू नका. खरी गंमत बाजूला चाललीय.

पक्षी शोधा. वर खांबाला दोरीने बांधलेला होता तो. इथे चाललीय नेमबाजीची स्पर्धा, म्हणजे आपल्याकडे द्रोणाचार्यांनी पोपटाच्या डोळ्याची परीक्षा घेतली ना, साधारण तसलं प्रकरण, फक्त इथे नेम धरणाऱ्या सगळ्या मुली आहेत. आता एकेक बाण मोजा: एक खांबात घुसलाय, एकाने दोरी तोडलीय आणि एक थेट पक्ष्याला लागलाय. हा प्रसंग रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्याच्या पाचव्या भागातला, पण तिथे स्पर्धा पुरुषांची, जहाजाच्या डोलकाठीवर बांधलेल्या कबुतरावर नेम धरायचा, आणि डायनाचा तिथे काही संबंधच नाही. दोमेनिकिनोने ती उचलून सरळ डायनाच्या सख्यांना दिली. मला तरी ही आयडिया भन्नाट वाटते, कारण त्यामुळे त्या नुसत्या सजावटीला उभ्या केल्यासारख्या दिसत नाहीत, त्यांना तिथे काम आहे.

मग उजवीकडे सरका. एक सखी झेपावणाऱ्या कुत्र्याला आवरतेय. कुत्रा एवढा चवताळलाय कशावर, तर तिथल्या झुडपात बघा, दोन पुरुष लपून बसलेत! अ‍ॅक्टिऑनची गोष्ट माहीत असेल तर इथे लगेच ट्यूब पेटते: डायनाला आंघोळ करताना बघितलं म्हणून तिने त्याचं हरीण केलं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं. इथे तसलं अजून काही झालेलं नाही, कुत्र्याचा पट्टा धरलेला आहे तोवर ठीक.

शेवटी खाली, पुढच्या पाण्याकडे या. तिथे पाण्यात पहुडलेली एक लहानशी मुलगी थेट आपल्याकडेच बघतेय. म्हणजे झुडपातल्या त्या दोघांना हसून झालं असेल तर आता आपण कुठे उभे आहोत तेही बघा, आपणही चोरून बघणाऱ्यांतलेच की! तिच्यासमोर जरा जास्त वेळ काढा, पूर्ण चित्रातली सगळ्यात बेरकी जागा हीच आहे.

हे सगळं बघून झालं की मग चित्राची भानगड वाचा, आधी नको, नाहीतर डोक्यात तीच घोळत राहते. चित्र काढायला सांगितलं होतं कार्डिनल (म्हणजे चर्चमधला बडा धर्मगुरू) पिएत्रो अल्दोब्रांदिनीने. पोपचा भाचा कार्डिनल शिपिओने बोर्गेझे त्यावर भाळला, दोमेनिकिनोने द्यायला नकार दिला, तर त्याला काही दिवस तुरुंगात टाकलं आणि चित्र उचलून नेलं. त्याच शिपिओनेच्या व्हिलात, म्हणजे आजच्या गॅलेरिआ बोर्गेझेत, ते टांगलेलं आहे, आणि आपण तिकीट काढून बघतो.

रोमला जाणं नसेल तर नेटवर मोठ्या रिझोल्यूशनचा फोटो शोधा आणि शक्यतो लॅपटॉपवर उघडा. मोबाईलवर अख्खं चित्र एकदम बघितलं तर ते झुडपातले दोघं दिसतच नाहीत, उजव्या कडेला चांगलं झूम करावं लागतं.