बाळंतपणाला माहेरी जाताय? मग सिस्टरना आधी सांगा

ओटी भरून झाली की बॅग भरायच्या आधी हे काम करा, सासरच्या उपकेंद्रातल्या सिस्टरना आणि आंगणवाडीच्या बाईंना सांगा की मी अमुक तारखेपासून माहेरी असणार, आणि माहेरी पोचल्यावर तिथल्या उपकेंद्रात जाऊन नाव, फोन नंबर, घराची खूण सगळं लिहून द्या. मी हे केलं नव्हतं. नाव गोव्यात फोंड्याकडे सासरी, मी सत्तरी तालुक्यात आईकडे, त्यामुळे बाळ आठ दिवसांचं झालं तरी घरी कोणी आलं नाही, कारण इकडे बाळंतीण आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं, आई म्हणाली कोवळ्या उन्हात धर, उतरेल, आणि तळहात-तळपायसुद्धा पिवळे झाल्यावर आम्ही रात्री धावत सुटलो. बाळ बरं झालं, पण सातव्या दिवसापर्यंत कोणी जाणतं माणूस एकदा बघून गेलं असतं तर ती रात्र आलीच नसती असं मला अजून वाटतं.

गोव्यात आता जवळजवळ सगळी बाळंतपणं हॉस्पिटलातच होतात, जुन्या वैजिणी राहिल्या नाहीत, चांगलंच आहे, कारण बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर घरात काही करता येत नाही. पण घरी आल्यावर पुढचे सहा आठवडे कोण बघणार? सरकारी वेळापत्रकात नवजात बाळाला घरी येऊन बघायचे दिवस ठरलेले आहेत, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२वा. हे आकडे कॅलेंडरवर लिहा, कोणी आलं नाही तर फोन करा, लाजू नका, तो आपला हक्क आहे. सिस्टर आल्या की बाळाचं वजन, नाळ, अंगाचा ताप बघायला सांगा आणि स्वतःचे टाके, रक्तस्राव, छातीतल्या गाठी हेही बोला, आपण बाळाचंच सांगत बसतो.

कागदांची एक पिशवी वेगळी ठेवा, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, आधार, बँक पासबुक. कार्ड विसरू नका, त्यावरच पुढचं सगळं चालतं. सरकारी हॉस्पिटलात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, घरी सोडायची गाडी हे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे, २०११पासून. मुलगी झाली तर आईला पैसे देणाऱ्या गोवा सरकारच्या ममता योजनेचं आंगणवाडीत विचारा, पहिल्या बाळासाठी केंद्राच्या मातृवंदना योजनेचे ५००० रुपये असतात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, आणि जिथे जन्म झाला तिथे, माहेरच्या पंचायतीत नाही.

गाडीचं आधी ठरवा. १०८ आहेच, पण पावसाळ्यात आतल्या वाड्यांवर रेंज जाते, झाडं पडतात, म्हणून शेजारच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवा आणि नववा महिना लागला की पेट्रोल भरलेलं ठेवायला सांगा. जवळच्या वाळपईच्या सरकारी हॉस्पिटलात जायचं की थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलात, हे डॉक्टरांना आधीच विचारा, विशेषतः बीपी असेल किंवा आधी सिझेरियन झालेलं असेल तर. पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल कमी झाली, की कळा येतायत का बघत थांबायचं नाही.

आता घरातल्या बायकांशी बोलायचं काम, हे सगळ्यात कठीण. न्हाऊ घालायला बाई ठेवा, मला त्या हातांनी खूप आराम मिळाला, पण तिची नखं कापलेली हवीत, बाळाच्या नाका-कानात तेल नको, नाळेवर हळद, राख काही नको. पहिल्या तासात अंगावर पाजायचं आणि सहा महिने मध, घुटी, पाणी काहीच नाही, हे सासू आणि आई दोघींसमोर सिस्टरकडूनच वदवून घ्या, आपण सांगितलं की भांडण होतं, त्यांनी सांगितलं की पटतं. बाळ दूध ओढेना, अंग थंड पडलं किंवा तापलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, तर सटीची पूजा असो की बारसं, आधी डॉक्टर.

परत सासरी जाताना हेच सगळं उलट करायचं, माहेरच्या सिस्टरना सांगून निघायचं, तिकडे पोचल्यावर त्याच आठवड्यात कार्ड दाखवायचं, कारण ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी बहुतेक याच ये-जा करण्यात राहून जातात.