महासाथीत कारखान्याच्या आरोग्यसेवेची मागणी कशी मोजावी आणि तिची तजवीज कशी करावी

महासाथ आली की कामाच्या ठिकाणच्या आरोग्यसेवेची मागणी वाढते, हे विधान अर्धेच खरे आहे. पुणे परिसरातील औद्योगिक पट्ट्यात कारखाना वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना मी २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे जवळून पाहिली. त्या काळात काही सेवा आठवड्याभरात कित्येक पटींनी लागू लागल्या, काही जवळजवळ बंद पडल्या, आणि बंद पडलेल्या सेवा काही महिन्यांनी थकबाकीसह दारात उभ्या राहिल्या. ज्या कारखान्यांनी केवळ पहिल्या बदलाची तयारी केली, त्यांचे आरोग्य केंद्र दुसऱ्या वर्षी कोलमडले. हे मार्गदर्शन साधारण दोनशे ते हजार कामगारांच्या कारखान्यातील मनुष्यबळ अधिकारी, सुरक्षा अधिकारी आणि आरोग्य केंद्रातील डॉक्टर व परिचारिका यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. उदाहरणे कोविडची आहेत, कारण हिशेब तपासून पाहता येईल इतका तो अनुभव अजून ताजा आहे.

आधी नेहमीची मोजदाद करा

साथीच्या आधीच्या बारा महिन्यांचे ओपीडी रजिस्टर काढा आणि प्रत्येक नोंद कामाच्या प्रकारानुसार वेगळी करा: किरकोळ आजार, दुखापत व मलमपट्टी, नोकरीपूर्व तपासणी, नियतकालिक तपासणी, आजारपणाच्या रजेवरून परतणाऱ्यांचे तंदुरुस्तीचे दाखले, आणि सल्ला किंवा समुपदेशन. मात्र केवळ डोकी मोजून थांबू नका, प्रत्येक प्रकाराला किती मिनिटे लागतात तेही लिहा. मलमपट्टी दहा मिनिटांत होते, पण दीर्घ आजारातून उठलेल्या क्रेनचालकाला कामावर घ्यायचे की नाही हे ठरवायला अर्धा तास लागू शकतो, आणि महासाथीत नेमकी ही दुसऱ्या प्रकारची कामे वाढतात. कंत्राटी कामगारांचा रकाना कायम कामगारांपासून वेगळा ठेवावा. त्याचे कारण पुढे येईल.

कायद्याने ठरवलेली सेवा हा या मोजदादीचा तळ असतो. कोविडच्या काळात लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४५ प्रमाणे दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ५०० हून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका कक्ष, म्हणजे कारखान्यातच तातडीच्या उपचारांची खोली, आवश्यक होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता लागू झाली आहे. त्यामुळे आपल्या कारखान्याला आज कोणता नियम लागू आहे याची खातरजमा राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करून घ्यावी. ही तरतूद नेहमीच्या दिवसांसाठी असते, हे मात्र विसरू नये. कायद्याइतकेच मनुष्यबळ ठेवणाऱ्या कारखान्याकडे साथीच्या दिवशी शिल्लक काहीच नसते.

गेटवरचा हिशेब

केंद्रीय गृह मंत्रालयाने १५ एप्रिल २०२० रोजी काढलेल्या आदेशात कारखान्यांसाठी प्रवेशद्वारावर तापमान तपासणी, दोन शिफ्टमध्ये एक तासाचे अंतर, जेवणाच्या सुट्ट्या टप्प्याटप्प्याने, आणि कोविड रुग्णांवर उपचार करणाऱ्या जवळच्या रुग्णालयांची यादी कामाच्या ठिकाणी ठेवणे, अशा गोष्टी होत्या. आदेश वाचायला सोपा होता, पण त्याला लागणारी माणसे कुठून आणायची हे प्रत्येकाला स्वतःच शोधावे लागले.

समजा कारखान्यात ६०० कामगार आहेत आणि पहिल्या शिफ्टला २४० जण येतात. तापमान घेणे, चेहऱ्याकडे पाहणे, "खोकला, ताप, घरी कोणी आजारी?" असे विचारणे आणि संशय आल्यास नोंद करणे यासाठी माणशी सरासरी १२ सेकंद धरली, तर एका रांगेला ४८ मिनिटे लागतात, दोन रांगांना २४ आणि तीन रांगांना १६. कंपनीच्या बसगाड्या जर वीस मिनिटांच्या आत एकामागोमाग येत असतील, तर तीन रांगांखेरीज गर्दी टळत नाही. तिसऱ्या शिफ्टला मात्र एक रांग पुरते. असा शिफ्टवार हिशेब केल्याशिवाय "आणखी दोन परिचारिका द्या" अशी मागणी व्यवस्थापनापुढे ठेवू नये, कारण मुळात या कामासाठी परिचारिका लागतच नाही. सुरक्षारक्षकांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण देऊन हे काम होते, आणि ज्याला बाजूला घेतले त्याला तपासण्यापुरती परिचारिका केंद्रात बसलेली असावी. पॅरासिटामॉल घेऊन आलेला किंवा लक्षणे नसलेला रुग्ण तापमापकात सापडत नाही, म्हणून आपले प्रशिक्षित हात गेटवर खर्च करणे ही मला या काळातील सर्वांत महागडी चूक वाटते.

एका रुग्णामागे किती काम

मागणीचा खरा फुगवटा संपर्कशोध आणि पाठपुरावा यांत असतो, आणि तो ओपीडी रजिस्टरमध्ये दिसत नाही. एक कामगार बाधित निघाला की त्याच्या लाइनवरचे सोबती, कँटीनमधले एका टेबलावरचे, बसमधले शेजारी आणि एकाच खोलीत राहणारे अशी यादी करावी लागते. ही यादी १५ जणांची झाली आणि रुग्णासह १६ जणांना दररोज एक फोन करायचा ठरला, तर फोन लागणे, बोलणे आणि नोंद मिळून पाच मिनिटांप्रमाणे रोजची ८० मिनिटे जातात. एकाच वेळी असे पाच रुग्ण असतील, तर ४०० मिनिटे म्हणजे पावणेसात तासांच्या जवळपास वेळ लागतो, म्हणजे एका माणसाची जवळजवळ पूर्ण शिफ्ट. त्या वेळी विलगीकरण चौदा दिवसांचे असल्याने हा बोजा दोन आठवडे उतरत नसे, आणि तोवर नवे रुग्ण येऊन मिळत.

म्हणून "किती रुग्ण आले की मनुष्यबळ वाढवायचे" हा आकडा आधीच ठरवून लेखी ठेवावा. वरच्या उदाहरणात तो तीन असावा, कारण पाचव्या रुग्णाची वाट पाहिली तर माणूस शोधून शिकवून तयार होईपर्यंत लाट पुढे गेलेली असते. फोनचे काम डॉक्टरांनी करू नये. ठरावीक प्रश्नावली देऊन मनुष्यबळ विभागातील किंवा घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे ते सोपवता येते. श्वास लागणे, रक्तातील ऑक्सिजनची पातळी ९४ टक्क्यांच्या खाली येणे, ताप न उतरणे यांपैकी काही ऐकू आले तरच फोन डॉक्टरांकडे वळवावा. डॉक्टरांनाही दूरध्वनीवरून सल्ला देण्याचा रीतसर आधार आहे, कारण भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाली.

दडलेली मागणी

आता कंत्राटी कामगारांच्या रकान्याकडे वळू. त्या काळात एका कारखान्याच्या रजिस्टरमध्ये कायम कामगारांत तापाच्या तक्रारी दिसत होत्या आणि त्याच शेडमधल्या कंत्राटी कामगारांत जवळजवळ शून्य. तेथे कोणाचीही प्रतिकारशक्ती विशेष नव्हती. ताप सांगितला तर ठेकेदार घरी पाठवतो आणि हजेरी बुडते, एवढेच त्यामागचे कारण होते. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो, परंतु साधारणपणे पहिले दोन दिवस त्यात धरले जात नाहीत. आणि ज्याची नोंदणीच ठेकेदाराने केलेली नाही, त्याला तेही मिळत नाही. अशा माणसाने ताप लपवला तर त्याला दोष देता येत नाही.

त्यामुळे रजिस्टरमधील मागणी आणि कामगारांची गरज या दोन वेगळ्या गोष्टी समजाव्यात. विलगीकरणाच्या दिवसांची हजेरी कंत्राटी कामगारांनाही लावली जाईल असा आदेश ठेकेदारांसाठी काढा, तो कँटीनच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लावा, आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांतील नोंदी पाहा. तक्रारींचा आकडा अचानक वाढला तर घाबरू नका. साथ वाढली आहे असे मानण्याआधी, जे आजवर दिसत नव्हते ते दिसू लागले आहे का हे तपासा. बाधितांची नावे मात्र कोठेही लावू नयेत आणि व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत, कारण एकाची बदनामी झाली की पुढचे दहा जण गप्प बसतात.

जे थांबते, ते साचते

फुंकर मारून करायच्या तपासण्या साथीत सर्वांत आधी थांबतात. विमान वाहतूक महासंचालनालयाने मार्च २०२० अखेरीस मद्यप्राशनाची श्वासचाचणी तात्पुरती बंद केली होती. कारखान्यांतही फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी आणि छोट्या बंद कक्षात बसवून करायची श्रवणचाचणी पुढे ढकलल्या गेल्या. ते योग्यच होते. पण सिलिकाच्या धुळीत, शिशाच्या भट्टीजवळ किंवा प्रेस शॉपच्या आवाजात काम करणाऱ्याच्या शरीरावरील परिणाम त्या काळात थांबत नाही.

थकबाकीचा हिशेब सोपा आहे. ६०० जणांची वार्षिक तपासणी म्हणजे महिन्याला ५०. सहा महिने काम थांबले तर ३०० जण बाकी राहतात. अंतर राखून महिन्याला ८० तपासण्या होत असतील, तर नेहमीच्या ५० वजा जाता ३०च उरतात आणि थकबाकी फिटायला दहा महिने लागतात. तोवर दुसरी लाट आली की सगळे पुन्हा मागे पडते, आणि २०२१ मध्ये तसेच झाले. म्हणून तारखेनुसार रांग न लावता धोक्यानुसार लावावी: धोकादायक प्रक्रियेतील कामगार प्रथम, मग कँटीनचे आचारी व वाढपी, मग क्रेन, फोर्कलिफ्ट आणि उंचीवरील कामाचे लोक, आणि कार्यालयीन कर्मचारी सर्वांत शेवटी. रक्तदाब, साखर, वजन आणि जुन्या आजाराची विचारपूस फुंकर न मारता होते, तेवढा भाग थांबवण्याचे कारण नाही. साथीत कोणाला जास्त जपायचे हे ठरवण्यासाठी तीच माहिती लागते.

कारखाना पुन्हा सुरू करताना

टाळेबंदीनंतर दुखापतींची मागणी वाढते, ही गोष्ट नियोजनात हमखास सुटते. एप्रिल-मे २०२० मध्ये कसबी परप्रांतीय कामगार गावी गेले, त्यांच्या जागी नवे आले, आणि महिनाभर बंद असलेली यंत्रे घाईने चालू झाली. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमजवळच्या रासायनिक कारखान्यात वायुगळती होऊन माणसे दगावली, ती टाळेबंदीनंतर कारखाना पुन्हा सुरू करण्याच्या तयारीच्या दिवसांत. त्यानंतर दोनच दिवसांत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सूचना काढून पहिला आठवडा चाचणीचा मानावा आणि उत्पादनाची मोठी उद्दिष्टे ठेवू नयेत, असे सांगितले. आरोग्य केंद्रानेही त्या आठवड्यात प्रत्येक शिफ्टला प्रथमोपचार प्रशिक्षित माणूस, भरलेली ड्रेसिंग ट्रॉली आणि नोकरीपूर्व तपासणीसाठी वाढीव वेळ ठेवावा. सॅनिटायझरने हातांना येणारा दाह आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने होणारी डोळ्यांची जळजळ या तक्रारीही याच काळात येतात. माणसांवर असे द्रावण फवारू नये, असे आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच स्पष्ट केले होते. वेल्डिंगच्या जागेजवळ अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर ठेवू नये. तेथे साबण आणि पाणी द्यावे.

आजारातून उठलेला कामगार

तंदुरुस्तीच्या दाखल्यांची मागणी लाटेच्या शिखरानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी वाढू लागते आणि बराच काळ टिकते. निगेटिव्ह अहवाल म्हणजे कामाची तंदुरुस्ती नव्हे. जिना चढल्यावर दम लागतो का, उपचारात स्टेरॉइड दिले होते का आणि त्यानंतर साखर तपासली का, झोप लागते का, एवढे विचारून मगच शिफ्ट ठरवावी. भट्टीसमोरच्या माणसाला दोन आठवडे हलके काम द्यायचे असेल, तर ते काम कोणत्या विभागात आहे हे उत्पादन प्रमुखांशी आधी बोलून ठेवावे, नाहीतर "हलके काम" असा शेरा केवळ कागदावर राहतो. घरातले माणूस गमावून परतलेल्या कामगाराला पहिल्याच दिवशी यंत्रावर उभे करू नये. त्याच्याशी निवांत बोलायला कोणीतरी हवे. मानसिक आरोग्यासाठी दूरध्वनीवर सल्ला देणारी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते, तो क्रमांक हजेरीच्या जागी लिहून ठेवावा.

बाहेरच्या सेवांशी करार

महाराष्ट्रात एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत ५०० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांना स्वतःची विलगीकरणाची सोय करायला सांगितले गेले, आणि ११ एप्रिलपासून सुमारे शंभर पात्र लाभार्थी असलेल्या कामाच्या ठिकाणी लसीकरण केंद्र सुरू करता येऊ लागले. दोन्ही कामे एकाच महिन्यात आरोग्य केंद्राच्या अंगावर आली, आणि त्याच महिन्यात रुग्णवाहिका, खाटा व चाचणीचे अहवाल मिळेनासे झाले, कारण शेजारचा प्रत्येक कारखाना त्याच रुग्णालयाला आणि त्याच प्रयोगशाळेला फोन करत होता.

म्हणून करार शांततेच्या काळात करावेत आणि त्यांत साथीचे कलम वेगळे लिहावे: रुग्णवाहिका किती मिनिटांत येईल, अहवाल किती तासांत मिळेल, नेहमीच्या दुप्पट चाचण्या लागल्यास दर काय राहील, बदली परिचारिका किती दिवसांच्या सूचनेवर मिळेल. एकाच वसाहतीतील चार-पाच लहान कारखान्यांनी मिळून एक डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका ठेवली तर खर्च विभागला जातो, मात्र एकाच दिवशी दोघांनी मागणी केल्यास आधी कोण, हे त्या करारात लिहिलेले असावे. या कलमांची दरवर्षी एप्रिलमध्ये, नवे आर्थिक वर्ष सुरू होताना, त्या वर्षाच्या कामगारसंख्येशी पडताळणी करावी; कंत्राटी कामगार त्या संख्येत धरलेले आहेत की नाहीत, ते आधी पाहावे.