ख्यालात ग्लिच मिसळताय? या चुका टाळा

बंदिश छान गायलेली, तबला चोख, ग्लिचचे, म्हणजे मुद्दाम मोडलेल्या, अडखळणाऱ्या आवाजाचे, तुकडेही झकास. तरी सम (तालाची पहिली मात्रा) कुठे गेली ते कळत नाही. अशा वेळी आधी सॉफ्टवेअरमधली ग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या रेघांची चौकट, तपासा. बहुतेक सॉफ्टवेअर उघडतं तेच चार-चार ठोक्यांच्या बारांत (गटांत). त्यात रूपकच्या सात मात्रा कोंबल्या की ग्लिच करणारं प्लगइन दर चार मात्रांनी उचकी देत राहतं आणि दुसऱ्याच आवर्तनात (तालाच्या फेऱ्यात) सगळं विस्कटतं. रूपकला टाइम सिग्नेचर सात-चार करा. विलंबित एकतालाची मात्रा चार सेकंदांची असेल, तर टेम्पो मिनिटाला 60 बीट्स ठेवून चार बीट्सची एक मात्रा धरा. बारा मात्रांचं आवर्तन चार-चारच्या बरोब्बर 12 बारांत बसतं. गायक-वादक लयीत थोडे मागेपुढे होणारच. म्हणून प्रत्येक समेवर मार्कर टाकून टेम्पो त्यांच्यामागे न्या, गाणं क्वांटाइझ करायला, म्हणजे ओढून ग्रिडवर बसवायला, जाऊ नका.

पहिल्या सेकंदापासून तोडफोड हीसुद्धा नेहमीची चूक. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) दोन-तीन आवर्तनं स्वच्छ ऐकू द्या. मूळच ठाऊक नसेल तर मोडलेलं कळणार कसं? जपानी कलाकार यासुनाओ तोने यांनी 1980च्या दशकात भोकं पाडलेली चिकटपट्टी लावून सीडी अडखळायला लावली, पण त्या प्रयोगाला समेवर यायचं नव्हतं. ख्यालाला यावंच लागतं. खरं तर आपल्याकडे ग्लिचला आयती जागा आहे: तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं. त्रितालात ‘खाली’च्या जागी, म्हणजे नवव्या मात्रेवर, तीन मात्रांचा तुकडा उचला आणि लागोपाठ तीनदा वाजवा. नववा ठोका थेट समेवर पडतो. पहिला तुकडा साफ, दुसरा किंचित फाटलेला, तिसरा पार चिंध्या झालेला. समेचा ‘धा’ मात्र कोरा ठेवा.

‘ग्लिच लावला की तानपुरा बेसूर वाटतो’ ही तक्रार खरी असते. फार छोटा तुकडा भरभर फिरवला की त्याचाच एक सूर तयार होतो. 10 मिलिसेकंदांचा तुकडा सेकंदाला 100 वेळा वाजतो, म्हणजे 100 हर्ट्झचा स्वर, आणि तो रागात असेलच असं नाही. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गात असाल तर खर्जाकडचा षड्ज साधारण 138.6 हर्ट्झला येतो; तुकडा 7.2 मिलिसेकंदांचा करा. पंचमासाठी 4.8. बिटक्रशरमध्ये (आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या इफेक्टमध्ये) सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या, खाली आणला की भलतेच सूर परावर्तित होऊन येतात, त्यामुळे त्याच्या आधी वरचे सूर गाळणारा लो-पास फिल्टर लावा. तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि इफेक्ट्सच्या या साखळीतून अजिबात जाऊ देऊ नका.

आपोआप स्लाइस करणारं साधन आघात शोधतं. तबल्यावर ते उत्तम चालतं. मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाताना, आघातच नसल्याने कुठेही कापतं. गळ्याचे तुकडे हाताने, श्वासाच्या जागी कापा. सूर आपोआप जुळवणारं पिच करेक्शन तर बंदच ठेवा. दरबारी रागाचा आंदोलित (हळुवार झुलणारा) गंधार बारा स्वरांच्या पट्टीवर चिकटवला की उरतं ते कीबोर्डवरचं बटण.

नको तिथे ‘टक्’ येत असेल तर तुकड्याच्या दोन्ही टोकांना 3 ते 5 मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) पुरतो. आणि प्लगइन रँडमवर सोडलं असेल तर जमलेली जागा लगेच ऑडिओत उतरवून घ्या. पुढच्या वेळी फाइल उघडाल तेव्हा तो तुकडा तसाच वाजणार नाही.