जनगणनेचे उत्तर रेशनकार्ड पाहून देऊ नका : फॉर्म भरताना या चुका टाळा

प्रगणक दारात आला की घरातले कोणीतरी उठून कपाटातून रेशनकार्ड घेऊन येते, आणि निम्म्या चुकांची सुरुवात तिथेच होते. 2011 च्या जनगणनेत प्रगणक म्हणून घरोघर फिरताना मी हे जवळजवळ रोज पाहिले. कार्डावर सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव असते; समोर पाण्याचा तांब्या ठेवणाऱ्या सुनेचे मात्र नसते. कार्डावरून वाचून सांगितलेली यादी जशीच्या तशी उतरवली, तर गेलेली मुलगी मोजली जाते आणि असलेली सून सुटते. जनगणनेसाठी कोणताही कागद दाखवावा लागत नाही. एका ठरलेल्या क्षणी त्या घरात प्रत्यक्ष कोण राहते, एवढेच तिला हवे असते. येत्या जनगणनेसाठी, हिमाच्छादित प्रदेश वगळता, हा क्षण 28 फेब्रुवारी संपून 1 मार्च 2027 सुरू होतानाच्या मध्यरात्रीचा आहे.

कुटुंब म्हणजे कोण, याचाही निकष रक्ताच्या नात्याचा नसून चुलीचा आहे. एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन भावांचा स्वयंपाक वेगळा असेल तर ती दोन कुटुंबे होतात. उलट, घरातच राहून घरातल्यांबरोबर जेवणारा कामगार नात्याचा नसला तरी त्याच कुटुंबात मोजला जातो. कुटुंबप्रमुख हा वयाने मोठा किंवा पुरुषच असला पाहिजे, असाही नियम नाही. घरातले लोक ज्या व्यक्तीला प्रमुख मानतात, तिचे नाव पहिल्या ओळीत येते.

सर्वांत अवघड प्रसंग वसतिगृहात शिकणाऱ्या मुलांचा असतो. 2011 मध्ये 9 ते 28 फेब्रुवारी हा गणनेचा काळ होता, आणि त्या संपूर्ण काळात जो घरी नव्हता त्याची नोंद घरी न होता तो जिथे होता तिथे व्हायची होती. हे सांगितल्यावर आईचा चेहरा पडत असे; मुलाचे नाव घरातून कमी होते आहे, असे तिला वाटे. तिची समजूत घालायला वेळ द्यावा लागे, कारण हट्टाने नाव लिहून घेतले तर तोच मुलगा दोन ठिकाणी मोजला जातो, आणि ‘तिकडे लिहिले असेल’ या भरवशावर राहिले तर एकाही ठिकाणी मोजला जात नाही. म्हणून मुलाला फोन करून वसतिगृहात त्याची नोंद झाली का, हे विचारून घ्यावे. 2011 च्या गणनेनंतर झालेल्या नमुना पडताळणीत दर हजार माणसांमागे सुमारे 23 माणसे निव्वळ सुटल्याचे आढळले होते. अशा गळतीत तान्ही मुलेही असतात, कारण बारसे झालेले नाही म्हणून बाळाचे नाव सांगायचेच राहून जाते. नाव ठरलेले नसले तरी बाळाची नोंद झालीच पाहिजे.

वय सांगताना पूर्ण झालेली वर्षे सांगावीत, चालू वर्ष सांगू नये. ‘साठेक असेल’ असे म्हटले की साठच लिहिले जाते, आणि म्हणूनच आपल्या देशाच्या वयाच्या तक्त्यांत 0 आणि 5 ने संपणाऱ्या वयांशी माणसांची अस्वाभाविक गर्दी दिसते. आजीला जन्मसाल आठवत नसेल तर 1972 च्या दुष्काळात ती केवढी होती, 1967 च्या कोयनेच्या भूकंपाच्या वेळी तिचे लग्न झाले होते का, 1961 ला पानशेत फुटले तेव्हा ती शाळेत जात होती का, असे विचारावे. अशा दोनतीन प्रश्नांत वय पुष्कळ जवळ येते.

‘ती काही करत नाही, घरीच असते.’ माझ्या मते संपूर्ण फॉर्ममधले सर्वांत जास्त नुकसान करणारे वाक्य हेच आहे. हे बहुतेक वेळा पुरुष सांगतो, आणि जिच्याविषयी सांगितले जाते ती त्याच वेळी शेतात निंदणी करत असते. व्याख्येनुसार घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात मोबदल्याशिवाय केलेले कामही कामच आहे. वर्षातून सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ ते केले तर ती मुख्य काम करणारी ठरते, आणि त्याहून कमी काळ केले तरी तिची नोंद सीमांतिक काम करणारी म्हणून होते. स्वतःच्या कुटुंबाच्या जमिनीवर राबणारी बाई ‘शेतकरी’ असते आणि दुसऱ्याच्या जमिनीवर मजुरीने जाणारी ‘शेतमजूर’. केवळ घरकाम या व्याख्येत बसत नाही, ही मर्यादा मला आजही खटकते. परंतु जे बसते ते तरी गाळले जाऊ नये. हा प्रश्न त्या बाईलाच विचारू द्यावा.

मातृभाषा म्हणजे बालपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. शाळेची किंवा राज्याची भाषा नव्हे. घरात अहिराणी बोलणारे अनेकजण संकोचाने ‘मराठी’ सांगतात, वास्तविक 2011 च्या भाषांच्या तक्त्यांत खानदेशी, जिच्यात अहिराणी धरली जाते, स्वतंत्रपणे दाखवलेली आहे. एकाच घरात सासू आणि सून यांच्या मातृभाषा वेगळ्या असू शकतात, तेव्हा सगळ्यांपुढे एकच भाषा लिहू नये. साक्षरतेचेही असेच आहे. केवळ सही करता येणारा साक्षर ठरत नाही, आणि शाळेची पायरी न चढलेली पण पोथी समजून वाचणारी व चार ओळी लिहू शकणारी आजी साक्षर ठरते.

खरे सांगितले तर रेशन बंद होईल, जमिनीच्या वाटणीत अडचण येईल, ही भीती लोक उघड बोलत नाहीत. उत्तरे मात्र तिच्यामुळे बदलतात. जनगणना अधिनियम, 1948 च्या कलम 15 नुसार या नोंदी कोणालाही पाहण्यास खुल्या नसतात आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाहीत. त्यामुळे विवाहित मुलीचे नाव इथे नसल्याने तिचा हक्क जात नाही आणि असल्याने सिद्धही होत नाही. याच कायद्यात, पतीचे नाव घेणे रूढीने वर्ज्य असलेल्या स्त्रीला ते सांगण्याची सक्ती करता येत नाही, अशीही तरतूद आहे.

नोंद चुकल्याचे नंतर लक्षात आले तर गप्प बसू नये. 2011 मध्ये 1 ते 5 मार्च या काळात प्रगणक पुन्हा त्याच घरी येऊन, मधल्या काळातले जन्म आणि मृत्यू विचारून नोंदी दुरुस्त करत असत. 28 फेब्रुवारीला रात्री जन्मलेले बाळ त्यात धरले जाई आणि 2 मार्चला जन्मलेले धरले जात नसे. आता मोबाइलवरून स्वतः माहिती भरण्याची सोय होत असल्याने घरातला कॉलेजात जाणारा मुलगा पाच मिनिटांत सगळ्यांचे फॉर्म भरून मोकळा होण्याचा संभव आहे. त्याने शेवटचे बटण दाबण्यापूर्वी प्रत्येकाची उत्तरे त्या त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावीत, आजीलाही.